कौलं चाळायची राहिली

मे सरत आला की आमच्या वाड्याच्या छपरावर दोन माणसं चढायची. वेल्ह्याकडची, बाप आणि लेक. अनवाणी. बाप आढ्याशी बसायचा, लेक वळचणीकडे. एकेक कौल उचलायचं, उलटं करून त्यावरचं शेवाळ खराट्याने झाडायचं, खालच्या रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्टीवर, साचलेली माती, पिंपळाची पानं, मांजराने नेऊन टाकलेलं काहीबाही सगळं खाली लोटायचं आणि कौल परत जागच्या जागी सरकवायचं. तडकलेलं असलं तर बाजूला. बोटाने टिचकी मारून ते ओळखायचे. चांगल्या कौलाचा आवाज खणखणीत यायचा, तडकलेल्याचा बद्द. याला कौलं चाळणं म्हणतात. तीन दिवस काम चालायचं आणि ते तीन दिवस घरात बारीक लाल धूळ पडत राहायची. आजी लोणच्याच्या बरण्यांवर जुनं लुगडं टाकून ठेवायची. आम्हा पोरांना ओसरीवर यायला बंदी, कारण वरून खापऱ्या पडत.

चौथ्या दिवशी चौकात खापऱ्यांचा ढीग असायचा. तोच आमच्या ठिकऱ्या खेळायचा वर्षभराचा साठा.

मी पुण्याच्या नारायण पेठेत वाढले. आजोबांनी 1939 साली त्या वाड्यात दोन खण आणि वरची अर्धी माडी भाड्याने घेतली होती. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. वाड्यातली जागा फुटात कोणी सांगत नसे, ‘दोनखणी आहे’, ‘तीनखणी आहे’ असंच म्हणत. हे माप मला फार आवडतं, कारण त्यात वाडा उभा कसा राहतो तेही सांगितलेलं आहे. खाली घडीव दगडाचं जोतं. जोत्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे वरच्या मजल्याची लाकडी जमीन. लाकडाचा हा सांगाडा भार पेलतो. मधल्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, आणि त्या बऱ्याचशा आडोशापुरत्या असतात. म्हणून वाड्याची भिंत पाडून दार काढता येतं, खोली मोठी करता येते, आणि भूकंपाचा हादरा बसला तरी सांगाडा थोडा डोलून परत स्थिर होतो.

या सगळ्या रचनेला वैरी एकच, पाणी.

हे मला लहानपणी कळलं नाही. पुढे नोकरीनिमित्त जुन्या इमारतींची मापं घेणाऱ्या लोकांबरोबर फिरायला मिळालं तेव्हा कळलं. एक कौल तडकतं. पावसाचा थेंब रिपेवरून वाशावर येतो आणि वासा जिथे भिंतीत घुसतो तिथे थांबतो. भिंत मातीची, ती पाणी पिते. लाकडाचं टोक ओल्या मातीत सहा महिने राहतं. उघड्यावर भिजलेलं सागवान वाऱ्याने वाळतं, भिंतीत गाडलेल्या टोकाला वारा लागत नाही. ते आतून मऊ होतं, मग वाळवी येते. खालून बघणाऱ्याला तुळई धडधाकट दिसते, वार्निश चमकतं, कोरीवकाम शाबूत असतं, आणि भिंतीतली वीतभर लांबी भुगा झालेली असते. एखाद्या जुलैत, आठवडाभर संततधार लागली की तेवढी वीतभर जागा सुटते. वर्तमानपत्रात चार ओळी येतात, ‘वाड्याची भिंत कोसळली’. भिंत बिचारी शेवटी पडलेली असते. पडझड दहा-पंधरा वर्षं आधी, एका कौलापासून सुरू झालेली असते.

त्यात माणसं आणखी एक चूक करतात, चांगल्या मनाने. ओल दिसली की सिमेंटचा गिलावा मारतात. जुना गिलावा चुन्याचा. भिजवून मुरवलेला चुना, त्यात वाळू, गूळ, हिरड्याचं पाणी, कधी बेलफळाचा चीक, आणि हे सारं बैल जुंपलेल्या घाण्यात दळलेलं. चुन्याची भिंत ओल घेते आणि उन्हात सोडून देते. सिमेंट ती वाट बंद करतं. ओल आतच कोंडते आणि वर चढत जाते. ज्या वर्षी भिंत गुळगुळीत दिसायला लागली त्याच वर्षी आतली तुळई कुजायला लागली, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. घरातल्या माणसाला हे सांगताना जीभ रेटत नाही, कारण त्याने पगारातून पैसे साठवून तो गिलावा केलेला असतो.

आमच्या वाड्यावर कौलं चाळणारे बाप-लेक शेवटचे आले ते 1984 च्या मे महिन्यात. मी बारा वर्षांची होते. पुढच्या वर्षी आले नाहीत. आजीने विचारलं, तर मालकीणकाकू म्हणाल्या, ‘यंदा जमणार नाही.’ त्या ‘यंदा’ला मग वर्षच उरलं नाही.

याचा हिशेब मी पुष्कळ नंतर मांडला. वाड्यात आमच्यासह सात बिऱ्हाडं होती. आजोबांनी जागा घेतली तेव्हा भाडं साडेनऊ रुपये होतं. महायुद्धाच्या काळात शहरात माणसांची गर्दी झाली, घरमालकांनी अडवणूक करू नये म्हणून भाडी बांधून टाकण्यात आली, आणि 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 ची भाडी प्रमाण धरली. त्या वेळी ते योग्यच होतं. माझ्या आजोबांसारख्या कारकुनाला त्या कायद्याने छप्पर दिलं, पोरं शिकली. पण गोठवलेलं भाडं वितळलंच नाही. घरपट्टी आणि पाणीपट्टीतली वाढ धरून आमचं भाडं 22 रुपये झालं आणि तिथेच थांबलं. सातही बिऱ्हाडांची मिळून मालकांना महिन्याला 161 रुपये यायचे. 1984 साली त्या दोन माणसांची तीन दिवसांची मजुरी, चारशे नवी कौलं, थोड्या रिपा आणि खिळे यांना दोन महिन्यांचं भाडं पुरलं नसतं. शिवाय घरपट्टी होतीच.

मालकांनी एकदा सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, ‘प्रत्येकी पन्नास रुपये काढा, मी उरलेले घालतो.’ ही बैठक आमच्याच ओसरीवर झाली. मी दाराआडून ऐकत होते. माझे वडील म्हणाले, ‘दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे.’ कायद्याने ते बरोबर होतं. इतर सहांनी मान डोलावली. मालक उठून गेले. त्यानंतर त्यांनी भाडं घेणं बंद केलं आणि वडील दर महिन्याला 22 रुपयांची मनिऑर्डर करायला लागले, म्हणजे उद्या कोर्टात ‘भाडं थकवलं’ असं म्हणता येऊ नये. मनिऑर्डर नाकारली जायची. परत आलेल्या पावत्या वडिलांनी दोऱ्याने बांधून ट्रंकेत ठेवल्या होत्या. एका चौकाच्या दोन बाजूंना राहणारी दोन माणसं वर्षानुवर्षं पोस्टमार्फत बोलत होती आणि त्यांच्या डोक्यावरच्या छपरात पाणी मुरत होतं.

माझे वडील वाईट नव्हते, मालकही नव्हते. पण मला त्या दिवसाची लाज वाटते. आमच्या घरी त्या वर्षी टीव्ही आला होता. पन्नास रुपये होते.

1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडी अशी कायमची गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे. मग 1999 चा नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि त्यात मालकाला वर्षाला चार टक्के वाढ घेण्याचा हक्क मिळाला. 22 रुपयांवर चार टक्के म्हणजे 88 पैसे.

पेठांतले लोक वाड्यांच्या ऱ्हासाबद्दल बोलताना पानशेतपासून सुरुवात करतात. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या आणि पुष्कळ वाडे त्या दिवशी आणि पुढच्या काही महिन्यांत गेले, हे खरंच आहे. आमचा वाडा मात्र राहिला. आजी सांगायची, पाणी ओसरल्यावर चौकात गुडघाभर गाळ होता, आडात मेलेली म्हैस होती, आणि माजघराच्या भिंतीवर डोक्याच्या वर काळपट रेघ उमटली होती. त्या दिवाळीपर्यंत मालक आणि भाडेकरू यांनी मिळून गाळ उपसला, फुगलेल्या भिंती उतरवून नव्या घातल्या, दोन खांबांना टेकू दिले. कोणी कोणाची जबाबदारी विचारली नाही. ती रेघ पुढे चुन्याच्या थराखाली गेली, तरी दमट हवेत दिसायची. आजी त्या रेघेखाली देवघर मांडून बसायची.

म्हणून ‘वाडे जुने झाले, आता जाणारच’ असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला, त्याला दोनशेच्या वर वर्षं झाली. त्यानेही कमी सोसलेलं नाही. 1879 च्या मे महिन्यात बुधवारवाड्याला आणि विश्रामबागवाड्याला आगी लावण्यात आल्या. बुधवारवाडा गेला, हा थोडा होरपळून वाचला आणि लोकांनी दुरुस्त केला. पण तो कधी रिकामा राहिला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. 1821 साली तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढे नगरपालिकेची कचेरी होती. रोज कोणीतरी दार उघडत होतं, गळतं कुठे ते कोणाच्या तरी टेबलावर टपकत होतं. आज बाजीराव रस्त्यावरून जाताना वर बघा, ते सुरूच्या घाटाचे कोरीव खांब आणि पुढे आलेला सज्जा अजून आहे. शनिवारवाड्याची गोष्ट उलटी. 1732 साली वास्तुशांत झालेला तो वाडा 1828 च्या आगीत जळाला आणि जोती, तट, कारंज्यांचे हौद, दरवाजे तेवढे राहिले. आपण तिथे तिकीट काढून जातो आणि मुलांना हवेत हात करून दाखवतो की इथे सात मजले होते.

आणि भिडेवाडा.

1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या भिड्यांच्या वाड्यात. दगडूशेठ गणपतीच्या अगदी समोर. माझी शाळा त्याच बाजूला होती. मी सहा-सात वर्षं त्या वाड्यावरून चालत शाळेत गेले आणि मला कोणी सांगितलं नाही. मुलींची शाळा, शाळेत जाणारी मुलगी, आणि मध्ये दुकानांच्या पाट्या. मला कळलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि रस्त्याच्या मध्येच थांबले होते. तेव्हापासून दर 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मी तिथे जात असे. बायका यायच्या, कोणी खेड्यातून एसटीने आलेल्या असायच्या, पुढच्या दुकानांच्या फटीतून जागा काढून फुलं ठेवायच्या. वर छपरातून आकाश दिसायचं. पत्रे, ताडपत्र्या, दारात उगवलेलं रोप. स्मारक व्हावं ही मागणी जुनी, जागेचा कज्जा कोर्टात तितकाच लांबलेला. सर्वोच्च न्यायालयात तो निकाली निघाला तोवर 2023 चा नोव्हेंबर उजाडला होता, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला महापालिकेने एका रात्रीत वाडा उतरवला. तोवर उतरवण्याखेरीज काही करण्यासारखं राहिलेलं नव्हतं, हे मी मान्य करते. तिथे स्मारक होईल तेव्हा मी पहिल्या दिवशी जाईन. पण त्या वाड्याची कौलं 1985 साली, 1990 साली, 2000 साली कोणी चाळली असती तर, हा विचार मनातून जात नाही. देशातल्या मुलींच्या शिक्षणाच्या एवढ्या मोठ्या खुणेला आपण पावसात सोडून दिलं. कोर्टात तारखा पडत होत्या, आणि पाऊस तर दर वर्षी ठरल्या वेळी येत होता.

पैशाची सोय केली की प्रश्न सुटतो असं मला एके काळी वाटायचं. मुंबईत तशी सोय झाली होती. 1969 मध्ये शहर भागातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, भाडेकरूंकडून उपकर घेऊन मंडळाने दुरुस्ती करायची. त्या वेळी अशा 19,642 इमारती मोजल्या गेल्या. पुण्याला असं मंडळ मिळालं नाही. पण मुंबईतही पावसाळ्यात इमारती पडतच राहिल्या. काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत घ्या. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी खांब जहाजाने आणून उभी केलेली. 1896 च्या 7 जुलैला भारतातला पहिला सिनेमा तिथे दाखवला गेला. हॉटेल बंद झालं, आत भिंती घालून कचेऱ्या झाल्या, भाडी तीच राहिली, मालक आणि भाडेकरू कोर्टात गेले. 2005 साली तिचा काही भाग कोसळला. तिथे सांगाडा लाकडाचा नाही, भिंती मातीच्या नाहीत, तरी गोष्ट आमच्या वाड्याचीच. रोजच्या देखभालीचा हात सुटला आणि मग निकालाची वाट बघत बसणं आलं.

आमच्या वाड्याची मागची बाजू 2006 च्या जुलैत बसली. पहाटे. ती दोन बिऱ्हाडं आधीच सोडून गेली होती म्हणून कोणी दगावलं नाही. मी सासरी होते, भावाचा फोन आला. पोचले तेव्हा माजघर उघडं पडलं होतं आणि भिंतीवर आजीच्या देवघराचा कोनाडा पावसात भिजत होता. आत तेलाचा काळा डाग. मग धोकादायक इमारतीची नोटीस आली, तीन वर्षांनी करार झाला, वाडा उतरला.

उतरवताना मी मुद्दाम गेले. सांगाडा मोकळा झाला तेव्हा पाहिलं, पुढच्या बाजूचे खांब अगदी निकोप होते. ठेकेदाराच्या माणसाने करवत लावली तर सागवानाचा वास आला, ताजा, दीडशे वर्षांनंतर. दर्शनी खांब कोणा हॉटेलवाल्याने आधीच बोलून ठेवले होते. किरकोळ सामान, कड्या, बिजागऱ्या, दिंडीदरवाजाचे खिळे जुन्या बाजारात गेले. मालकीणकाकू रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, ‘तुझ्या बाबांच्या मनिऑर्डरी मी घ्यायला हव्या होत्या गं. चहापुरते का होईना.’ मला काही बोलता आलं नाही. त्यांच्याशेजारी बसून राहिले.

नव्या इमारतीत आई आता चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे, संडास घरात आहे. वाड्यात तो परसात, सात बिऱ्हाडांत दोन, आणि पावसात छत्री घेऊन जावं लागायचं. आईला वाड्याची आठवण येत नाही. तिने तिथे तीस वर्षं दुसऱ्या मजल्यावर पाणी वाहिलं आहे. वाडे वाचले पाहिजेत असं मी म्हणते तेव्हा ती विचारते, ‘आणि राहायचं कोणी?’ तिचा प्रश्न टाळून या विषयावर बोलू नये असं मला वाटतं. वाड्यात चांगला संडास करता येतो, नळ वर नेता येतो, जिना बदलता येतो. सांगाड्याची सोयच तशी आहे. ते वेळेवर करायचं असतं, छप्पर शाबूत असताना.

गेल्या वर्षी कसब्यातल्या एका वाड्याची मापं घ्यायला गेलो होतो. मालक तिघं भाऊ, दोघं परदेशात, वाड्यात त्यांची ऐंशी उलटलेली आत्या एकटी राहते. भाडेकरू सगळे गेले. तिने आम्हाला माडीवर नेलं आणि पहिल्यांदा नक्षी दाखवली नाही, चार बादल्या दाखवल्या. ‘या इथे, ही इथे, आणि ही मागच्या वर्षीपासून.’ आमच्यातला एक मुलगा वर चढला. वासे चांगले होते. रिपा पाच-सहा ठिकाणी गेल्या होत्या. कौलं मंगलोरी, पण जुन्या मापाची, बाजारात मिळणारी त्यात बसेनात. भाच्यांनी पैसे पाठवायची तयारी दाखवली. कौलं चाळणारा माणूस शोधायला आम्हाला महिना गेला. पानशेतच्या अलीकडच्या एका गावात सापडला, साठीतला, आता मुलाच्या पत्र्याच्या घरात राहणारा. फोनवर त्याने आधी विचारलं, ‘अजून कौलारू आहे का पुण्यात?’

कौलं शुक्रवार पेठेत मिळाली. तिथे एक वाडा उतरत होता आणि ठेकेदार कौलं राडारोड्याबरोबर ट्रकमध्ये भरायच्या बेतात होता. आम्ही दुपारभर उन्हात बसून निवडली. त्या म्हाताऱ्याने आम्हाला टिचकी मारायला शिकवलं, आणि चाळीस वर्षांनी मी तो आवाज परत ऐकला. तीनशे दहा कौलं घेतली. कसब्यात आणून चौकात उतरवताना परत मोजली, नऊ वाटेत तडकली होती. आत्याबाई कठड्याला धरून खाली आल्या. एक कौल हातात घेऊन त्यांनी पालथं केलं, पदराने पुसलं, आणि विचारलं, ‘कोणाच्या वाड्याची?’

आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे मंगळागौरीला गेले होते मी.

मग बादल्या उचलून त्यांनी न्हाणीघरात नेऊन ठेवल्या, आणि लोणच्याच्या बरण्यांवर टाकायला काहीतरी शोधायला लागल्या.